हवामान निर्देशक आणि आर्थिक धोरण (जयपूर)

पावसातील तूट, पावसाचे खंड, भूजलपातळी, जमिनीतील ओल, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती अशा मोजमापांवरून सरकारी खर्च, अनुदान व मदत ठरवण्याची पद्धत. राजस्थानात ती मुख्यतः दुष्काळ आणि पाणी या दोन प्रश्नांतून रुजली.

पाणीपुरवठा : जयपूरजवळील रामगढ धरण १९०३ मध्ये पूर्ण झाले आणि १९३१ पासून शहराला त्याचे पाणी मिळू लागले. १९८२ च्या आशियाई खेळांतील नौकानयन स्पर्धा याच जलाशयात झाल्या. या शतकाच्या आरंभी तो कोरडा पडला. पाणलोट क्षेत्रातील अतिक्रमणे व बंधारे हेही त्याचे कारण असल्याने केवळ पावसाच्या आकड्यांवरून ही घट समजत नाही. आता शहराची भिस्त टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणावर आहे.

दुष्काळ : केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन नियमावलीनुसार आधी पर्जन्यमान, मग पीक, ओल, जलसाठे व भूजल यांचे निर्देशक तपासतात आणि शेवटी प्रत्यक्ष पाहणी होते. महाराष्ट्रात पैसेवारीला जे स्थान, तेच राजस्थानात गिरदावरीला, म्हणजे शेतातील पीकपाहणीला. दुष्काळ जाहीर झालेल्या ग्रामीण भागात रोजगार हमीच्या १०० दिवसांवर आणखी ५० दिवस काम देण्याची तरतूद मनरेगात करण्यात आली.

भूजल : वार्षिक उपलब्धतेच्या १०० टक्क्यांहून अधिक उपसा असलेले क्षेत्र ‘अतिशोषित’ ठरते. राजस्थानचा उपसा सुमारे १५० टक्के आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ६,००० कोटी रुपयांच्या अटल भूजल योजनेत राजस्थान व महाराष्ट्रासह सात राज्ये निवडली गेली. तिच्यात निधीचा काही भाग भूजलपातळीची घसरण रोखण्यासारख्या निष्पत्तींशी जोडला होता.

हरित अर्थसंकल्प : १९ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री दिया कुमारी यांनी जयपूरच्या विधानसभेत राज्याचा पहिला हरित अर्थसंकल्प मांडला. त्यात २७,८५४ कोटी रुपयांची तरतूद हरित म्हणून दाखवली होती.

मूल्यमापन : दुष्काळाच्या नियमावलीत मोजमाप आधी येते आणि खर्च त्यामागून; हरित अर्थसंकल्पात खर्चाची वर्गवारी आधी होते. शेतीपंपांची वीज अनुदानित असल्याने भूजलाचा इशारा उपशाच्या किमतीत उमटत नाही. निर्देशक धोरण बदलतो तो निधीच्या नियमाशी बांधला गेल्यावरच. एरवी तो अहवालातला आकडा ठरतो.