घरातील वाळवी : नुकसान जुने की चालू, असे ओळखा

वाशिम जिल्ह्यात मातीच्या भिंती, लाकडी चौकटी आणि छताला लाकडी कड्या असलेली घरे आजही बरीच आहेत. अशा घरात भिंतीवर मातीची रेघ दिसली, की लगेच औषध मारले जाते. वाळवी (उधई) निघून गेलेली असेल, तर हा खर्च वाया जातो. चालू असेल, तर वरवरच्या फवारणीने ती दुसरीकडून वाट काढते. म्हणून आधी तपासणी करावी.

नळी तोडून पाहा

वाळवी जमिनीतून मातीच्या नळीतून वर चढते. नळीचा मधला एक-दोन इंच भाग चाकूने काढावा. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. तपासणी संपेपर्यंत तेथे रॉकेल किंवा औषध टाकू नये. चार दिवसांनी आणि पुन्हा आठ दिवसांनी पाहावे. तुटलेला भाग ओल्या मातीने बुजवलेला दिसला, तर वाळवी चालू आहे.

चालू असल्याची लक्षणे

- नळीची माती ओलसर असते व आत पांढुरके कामकरी किंवा तपकिरी डोक्याचे सैनिक दिसतात.
- लाकडावर स्क्रू ड्रायव्हरने ठोकल्यास पोकळ आवाज येतो. टोचल्यास आत ओली माती व किडे सापडतात.
- झाडून साफ केलेल्या जागी नवी नळी येते.

जुने असल्याची लक्षणे

- नळी कोरडी, रिकामी असते व बोटाने दाबताच भुगा होते.
- लाकूड पोकळ असले तरी आतील माती सुकलेली असते, किडे नसतात.

येथे फसगत होते

नळी बुजली नाही, एवढ्यावरून वाळवी संपली असे समजू नये. ती दुसऱ्या वाटेने येत असू शकते. कडक उन्हाळ्यात वाळवी जमिनीत खोल जाते आणि वरच्या नळ्या रिकाम्या दिसतात. त्यामुळे मे महिन्यात केलेली तपासणी पावसाळ्यात पुन्हा करावी. पहिल्या पावसानंतर घरात सारख्या लांबीचे गळालेले पंख सापडले, तर वारूळ जवळच असण्याची शक्यता असते. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. लाकडाला बारीक गोल छिद्रे असून पिठासारखी भुकटी पडत असेल, तर ते काम लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचे असते.

पुढे काय करावे?

जुने नुकसान असल्यास कमजोर झालेली कडी किंवा चौकट बदलावी आणि पावसाळ्यात लक्ष ठेवावे. चालू असल्यास भिंतीला टेकलेले सरपण, तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा हलवावा आणि पाण्याची गळती बंद करावी. धान्य व बियाण्याची पोती भिंतीपासून दूर ठेवावीत. पिकासाठी आणलेले कीटकनाशक घरात वापरू नये. उपचार जमिनीत व पायालगत करावा लागतो. तो घरातील वापरासाठी मान्यता असलेल्या औषधाने, लेबलवरील प्रमाणात, जाणकाराकडूनच करून घ्यावा. कीड ओळखता येत नसल्यास चार-पाच किडे स्पिरिटच्या लहान बाटलीत घालून करडा (ता. रिसोड) येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावेत.