शब्दाचा अर्थ आणि वहीचा रकाना

माझे शिक्षण शाळेत थोडे आणि हजेरीपटावर अधिक झाले. म्हणून विषयाचा आरंभ तेथूनच करतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत एखाद्याचा खाडा पडला की दाराशी उभा असलेला दुसरा माणूस त्याच्या जागी लावीत. तो ‘बदली’. कोणाला घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीवर असे. ती मर्जी आवरण्यासाठी १९३५ साली गिरणीमालक संघाने बदल्यांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. नोंद होऊ लागली. परंतु बदली कोठवर बदली राहतो, हे कार्ड कसे सांगणार?

ते १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्याच्या दुरुस्तीने सांगितले. हजेरीपटावरील दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करतो तो बदली. परंतु त्याची एक वर्षाची सलग नोकरी भरली, की ले-ऑफच्या भरपाईपुरते त्याला बदली समजायचे नाही.

मंडळी, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शब्दाचा अर्थ व त्यांची परस्परनाती ठरविणे, हा झाला व्यवहाराच्या संकल्पनांचा आराखडा. त्या नोंदी कोणत्या तक्त्यात, कोणत्या रकान्यात ठेवायच्या, हा माहितीचा आराखडा. दुसऱ्याचे शास्त्र आधी वाढले; कॉड यांनी माहितीची तक्तेवार मांडणी १९७० सालीच सांगितली होती. पहिल्यासाठी, व्यवहारातल्या माणसांच्याच भाषेत अर्थ व नियम मांडण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २००८ साली निघाले.

हा भेद मला एका कारखान्यात कळला. तेथील संगणकात ‘कायम’ आणि ‘तात्पुरता’ एवढे दोनच पर्याय होते. ले-ऑफ झाला. वर्ष भरलेल्या बदल्यांची भरपाई मागायला गेलो, तर कारकून म्हणाला, “भाऊ, हे तात्पुरते आहेत. कॉम्प्युटरच सांगतो.” आम्ही त्याच संगणकातून हजेरी काढविली आणि रात्रभर बसून दिवस मोजले. कायद्याला हवे होते २४० दिवस. कित्येकांचे त्याहून अधिक भरले. नोंद पुरती होती, अर्थ मात्र कोणी विचारला नव्हता. भरपाई मिळाली, पण भांडल्यावर.

अर्थ आधी ठरविला नाही, तर रकाना तो ठरवितो. आणि रकाना आखणारा बहुधा कामगार नसतो. म्हणून नवी नोंदवही आली की सहीपूर्वी एवढे विचारा : यातल्या शब्दांचा अर्थ कोणी ठरविला?