पगार

पगार (पु.) : चाकरीबद्दल ठरल्या मुदतीने, बहुधा महिन्याने, हातात पडणारी रक्कम, वेतन. शब्द पोर्तुगीज. त्या भाषेत 'पगार' हे क्रियापद आहे : पैसे चुकते करणे. मराठीने त्याचे नाम केले आणि पगारी, पगारदार, पगारवाढ, बिनपगारी अशी पिलावळ वाढवली. 'बिनपगारी फुल अधिकारी' या म्हणीत तर पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत एकाच ओळीत बसले आहेत.

मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. 'पाक्स' म्हणजे शांतता, तह. संस्कृत 'पाश' याच धातुकुळातला मानतात. मुलूख जिंकून निमूट केला की रोमन हेच क्रियापद वापरत. सीझरच्या लेखनात ते गॉलबद्दल येते. पुढे शांत करायचा तो सावकार. पैसे मोजले की तो दारातून उठतो, म्हणून 'देणे चुकते करणे' हा अर्थ. या अर्थाने शब्द पोर्तुगीज, स्पॅनिश व कॅटलानमध्ये 'पगार', इटालियनमध्ये 'पगारे', फ्रेंचमध्ये 'पेये' असा स्थिरावला. इंग्रजी 'पे' फ्रेंचातून गेला. रुमानियनने मात्र पैसे देण्यासाठी स्लाव्ह शब्द घेतला. तिथे त्याच कुळातला 'इंपका' अजून समेटच घडवतो. स्पॅनिश-पोर्तुगीज 'अपागार' म्हणजे दिवा किंवा आग विझवणे. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपलाही दिवा 'शांत' होतो, आणि आपण तहान भागवतो तसेच देणेही भागवतो.

मराठीत हा शब्द आला तो पोर्तुगीज अंमलातून. तो अंमल वसईत १७३९, चौलला १७४० आणि गोव्यात १९६१ पर्यंत होता. चौलजवळच्या कोर्लईत पोर्तुगीजापासून घडलेली बोली आजही आहे. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश सेबास्तियाँव रोडोल्फो दालगादो या गोमंतकीय पंडिताने १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पगार आहे. गुजराती, कोंकणी आणि मुंबईच्या हिंदीतही तो रुळला. तनखा, रोजमुरा हे फारसी शब्द दप्तरात राहिले, वेतन सरकारी कागदावर गेले, बोलण्यात पगार उरला.

प्रयोग : महाड-पोलादपूरकडे, तळीयेसारख्या डोंगरउतारावरच्या गावांत, कामाच्या मोबदल्याला एकच नाव नाही. भाताच्या लावणीला दुसऱ्याच्या शेतात दिवसभर वाकले की मिळतो तो 'रोज' किंवा मजुरी. शेजाऱ्याकडे आज राबायचे आणि उद्या त्याने आपल्याकडे यायचे, हा 'पैरा'. त्यात पैसा नसतो, तरी तोही फेडावाच लागतो. पगार म्हणायचे ते मुंबईच्या चाकरमान्याच्या, मास्तरांच्या किंवा महाडच्या एमआयडीसीतल्या कामगाराच्या पैशाला. पाऊस पडो न पडो, तो महिन्याला यायचाच, असे त्यात गृहीत आहे. भात-नाचणीवर वर्ष निघत नाही तिथे या शब्दाचे वजन मोठे. पूर्वी तो मनिऑर्डरने पोस्टमनच्या पिशवीतून घरी यायचा, आणि दुकानदाराची उधारी त्याच दिवशी भागायची. म्हणजे 'पाकारे'चा जुना अर्थ इथे कुणी न सांगता चालू होता. 'पगार झाला' असे म्हणतात, 'आला' कमी. लग्न होते, पाऊस होतो, तसा पगार होतो.

खुद्द लिस्बनमध्ये महिन्याच्या पगाराला पगार म्हणत नाहीत. तिथला शब्द 'सालारियु'.