स्वयंपाकघरातील पावलांचा हिशेब

नवे घर बांधावयाचे ठरले म्हणजे घरातील माणसे नकाशाचा कागद पुढे घेऊन बसतात. दिवाणखाना केवढा असावा, पुढचा दरवाजा कोणत्या दिशेस असावा, जिना आतून काढावा की बाहेरून, यावर तासन्‌तास खल होतो. स्वयंपाकघराची पाळी शेवटी येते आणि इतर खोल्यांना जागा देऊन जे उरले असेल ते त्याच्या वाट्यास येते. वस्तुतः घरातील दुसऱ्या कोणत्याही खोलीत इतके काम होत नाही. दोन वेळचे जेवण, सकाळसंध्याकाळचा चहा, मुलांचे डबे, आल्यागेल्याचे आदरातिथ्य, हे सर्व तेथूनच निघते. ही खोली काम करणाऱ्याच्या सोयीने आखावी हा विचार जगात केव्हा सुरू झाला, त्याने काय साधले आणि त्यात काय राहून गेले, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हा इतिहास फार जुना नाही. दीडशे वर्षांहून थोडा अधिक, इतकाच. अमेरिकेत कॅथरिन बीचर नावाच्या एक शिक्षिका होऊन गेल्या. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीविरुद्धची विख्यात कादंबरी लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टोव यांच्या त्या थोरल्या भगिनी. १८६९ साली या दोघी बहिणींनी गृहव्यवस्थेवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आगबोटीवरील स्वयंपाकखोलीचा दाखला दिला आहे. आगबोटीवर जागा थोडी आणि जेवणारे दोनशे. तरीही तेथील आचारी एकदोन पावलांत हवी ती वस्तू हाती घेतो. मग घरातील बाईने मात्र तांदळासाठी एका टोकाला, पाण्यासाठी दुसऱ्या टोकाला आणि भांड्यासाठी तिसऱ्या खोलीत का धावावे? बीचरबाईंनी खिडकीखाली कामाचा फळा, त्याच्याच खाली पिठाचा साठा, शेजारी भांडी धुण्याची जागा व वर फळ्या अशी योजना केली. शेगडी सरकत्या काचेच्या दारांआड ठेवली, म्हणजे उष्णता व वास बाहेर पसरू नये. नोकरचाकरांवाचून चालणारे घर त्यांच्या डोळ्यांपुढे होते. ज्या घरात गृहिणीला स्वतःच राबावयाचे आहे तेथे तिच्या श्रमाला किंमत आहे, ही त्यांची मूळ भूमिका होती.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांतून एक नवे शास्त्र उदयास आले. फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय कार्यव्यवस्थेवरील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे घड्याळ लावून मोजमाप करावे आणि निरुपयोगी हालचाली काढून टाकाव्यात, असे त्याचे थोडक्यात सांगणे होते. क्रिस्टीन फ्रेडरिक या गृहिणीने हाच न्याय आपल्या घराला लावला. १९१२ साली स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकात त्यांनी लेखमाला लिहिली व पुढील वर्षी ती पुस्तकरूपाने आली. त्यांच्या लेखनातील दोन आकृत्या विशेष गाजल्या. दोन्हींत सामान तेच. पण एकीत ते वाटेल तसे मांडलेले, तर दुसरीत कामाच्या क्रमाने लावलेले. गृहिणीच्या येरझाऱ्या रेघांनी दाखविल्या होत्या. पहिल्या आकृतीत रेघांचे जाळे झाले होते, तर दुसरीत रेघा एकामागून एक सरळ चालल्या होत्या. पाहणाऱ्याला निराळे काही सांगावे लागत नव्हते.

याच मार्गाने लिलियन गिलब्रेथ या विदुषी आणखी पुढे गेल्या. पती फ्रँक यांच्यासह त्यांनी कारखान्यांतील हालचालींचा अभ्यास केला होता. १९२४ साली पती निवर्तले आणि मोठ्या कुटुंबाचा भार एकट्या लिलियनबाईंवर आला. पुढे ब्रुकलिन येथील एका गॅस कंपनीसाठी त्यांनी आदर्श स्वयंपाकघर आखून दिले. त्याची परीक्षा घेण्यासाठी स्ट्रॉबेरीचा एक गोड पदार्थ आधी जुन्या धर्तीच्या मांडणीत व मग नव्या मांडणीत करून पाहण्यात आला. जुन्या मांडणीत २८१ पावले पडली, तर नव्या मांडणीत अवघी ४५. पदार्थ तोच, चूल तशीच. फरक केवळ वस्तूंच्या जागांचा होता.

या विचाराला सामान्य माणसाच्या घरात प्रत्यक्ष उतरविले ते जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराने. पहिल्या महायुद्धानंतर तेथे घरांची तीव्र टंचाई होती. नगररचनाकार एर्न्स्ट माय यांच्या नेतृत्वाखाली १९२५ पासून नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. त्यांतील स्वयंपाकघराचे काम मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या तरुण स्त्री-वास्तुशिल्पज्ञाकडे आले. १९२६ साली त्यांनी सिद्ध केलेला आराखडा आज ‘फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर’ या नावाने ओळखला जातो. रुंदी सुमारे १.९ मीटर व लांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे आपल्या भाषेत सहा फूट बाय अकरा फूट. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळी स्वयंपाकखोली त्यांनी नमुन्यासाठी समोर ठेवली होती. खिडकीपाशी कामाचे टेबल, बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल, चिरताना निघालेला कचरा ओढून टाकण्यासाठी टेबलालाच खाच, भिंतीतून खाली उघडणारी इस्त्रीची फळी, साखर-तांदळासाठी हातात धरून ओतता येतील असे ॲल्युमिनियमचे खण, पिठासाठी मात्र कीड लागू नये म्हणून ओकच्या लाकडाचा खण, अशी सूक्ष्म योजना त्यांनी केली. शेगडीपासून बैठकीच्या खोलीतील जेवणाच्या टेबलापर्यंतचे अंतर तीन मीटरांच्या आत ठेवले आणि मध्ये सरकते दार दिले, जेणेकरून आईला मुलांवर नजर ठेवता यावी. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात बसविली गेली.

या बाईंचे पुढील आयुष्यही सामान्य नव्हते. नाझी राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ साली त्यांना व्हिएन्नात अटक झाली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि १९४५ साली युद्ध संपता संपता त्यांची सुटका झाली. २००० साली, वयाच्या १०३ व्या वाढदिवसाला काही दिवस उरले असता, त्या निवर्तल्या. आपण तो आराखडा केला तोपर्यंत स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असे त्यांनीच मोकळेपणाने सांगून ठेवले आहे.

मग या आराखड्यात काही उणे होते काय? होते, आणि तेच आपल्याला उपयोगी पडणारे आहे. ते स्वयंपाकघर एका व्यक्तीला अगदी नेमके पुरे. दुसरी व्यक्ती आत शिरली की दोघांचीही अडचण. अनेक कुटुंबांनी त्या चिंचोळ्या जागेत जेवणाचे टेबल दाटीवाटीने बसविण्याची खटपट केली, कारण त्यांना पूर्वीसारखे शेगडीभोवती एकत्र बसावयाचे होते. पुढे १९७० नंतरच्या दशकात स्त्रियांच्या चळवळीने या आराखड्यावर आक्षेप घेतला, की याने गृहिणीची पावले वाचविली खरी, परंतु तिला एकटीला भिंतीआड कोंडले. जे स्वयंपाकघर एकीपुरतेच आखले जाते तेथे काम करण्याचे कर्तव्यही त्या एकीचेच ठरून जाते. पतीने वा मुलांनी हातभार लावावा म्हटले तरी उभे राहावयास जागा नसते. पावले मोजणे आवश्यक होते. पण कोणाची पावले, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्याकडील जुन्या स्वयंपाकघराला व्यवस्था नव्हती असे समजणे चुकीचे होईल. आपली गृहिणी बसून रांधीत असे. पाटावर बसल्यावर पुढे चूल आणि तिच्याच जाळावर आमटी गरम ठेवणारी वैल, एका हाताला पाण्याची कळशी, दुसऱ्या हाताला पोळपाट-लाटणे, मागे मांडणी व फडताळ. न उठता पुष्कळसे काम उरकत असे. एका जाळावर दोन भांडी चढविणारी वैल हीदेखील काटकसरीची मोठी युक्ती होती. परंतु स्वयंपाकघर बहुधा घराच्या अगदी आत, अंधाऱ्या भागात असे. कौलांच्या फटींतून जाईल तेवढा धूर बाहेर जाई, उरलेला रांधणारीच्या डोळ्यांत व छातीत. सोवळेओवळे पाळणारे घर असो की आमच्यासारखे ख्रिस्ती घर असो, या बाबतीत दोघांचे दैव एकच होते. फुंकणीने चूल फुंकताना डोळे पुसणारी स्त्री हे चित्र आपल्याला इतके सवयीचे झाले होते की त्यात काही सुधारावयाचे आहे, हेच कोणाला सुचत नव्हते.

ज्यांना सुचले त्यांची आठवण ठेवली पाहिजे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार केली. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधनशाळेचे एस. पी. राजू यांनी एकाच जाळावर अनेक भांडी ठेवता येतील आणि धूर नळीवाटे छपराबाहेर जाईल अशी मातीची चूल सिद्ध केली. लक्षावधी घरांतील स्वयंपाकघरे धूरमुक्त कशी करावी हे सांगणारे त्यांचे पुस्तक १९५३ साली निघाले. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना १९५० साली गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली, आणि घरकाम हा विद्यापीठात अभ्यासण्याजोगा विषय आहे हे मान्य झाले. पुढे १९८१ साली कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच लहान यंत्रे लावून, त्यांच्या श्वासात जाणाऱ्या धुराचे मोजमाप केले. ब्रुकलिनमध्ये पावले मोजली गेली, गुजरातेत श्वास मोजले गेले. सामान्य घरातील स्त्रीच्या कष्टांची अशी मोजदाद झाली, तेव्हाच ते कष्ट इतरांना दिसू लागले.

१९५५ साली मुंबईत बर्मा-शेल कंपनीने घरगुती गॅस विकावयास आरंभ केला. गॅसबरोबर उभ्याने स्वयंपाक करण्याची पद्धत हळूहळू गावोगावी पसरली आणि चुलीच्या जागी ओटा आला. धूर गेला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु कित्येक घरांत अर्धी व्यवस्था बदलली व अर्धी तशीच राहिली. शेगडी ओट्यावर चढली, पण डबे, कढया व कुकर खालीच राहिले. जी स्त्री पूर्वी एकदा बसून सर्व काम आटोपीत असे, ती आता एका स्वयंपाकात अनेकदा वाकते आणि अनेकदा उठते.

म्हणून आज नवे घर बांधणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली गोष्ट कामाच्या क्रमाची. सामान आणले जाते, साठविले जाते, धुतले जाते, चिरले जाते, शिजविले जाते, वाढले जाते. वस्तूंच्या जागाही शक्यतो याच क्रमाने असाव्यात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या गृहविषयक संशोधन मंडळाने १९४० नंतरच्या दशकात एक सोपा नियम रूढ केला. धान्य-भाजी ठेवण्याची जागा (आज ती बहुधा शीतकपाटाची असते), भांडी धुण्याची जागा व शेगडी, ही तीन ठिकाणे रेघांनी जोडली असता होणाऱ्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू चार ते नऊ फुटांची असावी आणि तिन्ही मिळून सव्वीस फुटांहून अधिक होऊ नयेत. आपल्या पद्धतीच्या स्वयंपाकालाही हा नियम लागू पडतो.

दुसरी गोष्ट ओट्याच्या उंचीची. गवंडी सर्व घरांत एकाच मापाचा ओटा घालून देतो. जी व्यक्ती तेथे रोज उभी राहणार तिने ताठ उभे राहून कोपर दुमडावे. कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर ओट्याची कडा यावी. कणीक मळण्यासाठी व पोळ्या लाटण्यासाठी त्याहून थोडी खाली जागा मिळाली तर खांदे दुखत नाहीत. रोजची भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात ठेवावी. सणावाराची मोठी पातेली खाली किंवा वर गेली तरी चालतील. तिसरी गोष्ट हवेची. सिलिंडरमधील स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाल्यास जमिनीलगत साचतो; म्हणून खिडकीखेरीज जमिनीजवळही वारा खेळण्यास वाट ठेवावी. सिलिंडर नेहमी उभाच असावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन माणसे एकमेकांस धक्का न लावता काम करू शकतील एवढी मोकळी जागा सोडावी आणि एखादे स्टूल किंवा पाट मांडण्यास कोपरा ठेवावा. सासूबाईंना बसून भाजी निवडता यावी, मुलाने शेजारी उभे राहून कांदा चिरावा, घरच्या पुरुषाने चहा करून भांडी विसळावीत, यासाठी जागा आधी नकाशावर लागते. नकाशावर ती नसेल तर पुढे नुसत्या उपदेशाने ती निर्माण होत नाही.

पाया खणण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. मोकळ्या जमिनीवर खडूने किंवा चुन्याने स्वयंपाकघराच्या भिंती, ओटा, मोरी व कपाटे यांच्या रेघा आखाव्यात. घरात रोज जी व्यक्ती रांधते तिने त्या रेघांत उभे राहून वरणभाताचा स्वयंपाक केल्याचा अभिनय करावा आणि दुसऱ्याने पावले मोजावीत. कोठे वळसा पडतो, दार कोठे आड येते, गरम पातेले घेऊन किती चालावे लागते, हे अर्ध्या तासात कळेल. खडूची रेघ पुसण्यास पैसे लागत नाहीत. विटांची भिंत पाडण्यास लागतात. मात्र पावले मोजण्याचे काम घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः करावे, एवढे आग्रहाने सांगावेसे वाटते. नकाशावर अखेरची सही बहुधा त्याचीच असते.