घाटाचं देणं

उल्हास नदीच्या खोऱ्यात एका अंगाला कोंडाण्याची लेणी आणि त्यांच्या डोक्यावर राजमाची. दुसऱ्या अंगाला डोंगराच्या कडेकडेने खंडाळ्याकडे चढणारी रेल्वे. माझं आजोळ याच भागातलं. रात्री जेवणं उरकून ओटीवर बसलं की घाट चढणाऱ्या गाडीची घरघर ऐकू यायची. कर्जतला मागून इंजिनं जोडलेली असत, त्यांचा जोर आवाजातच कळायचा. आजोबा म्हणायचे, "शिंगरोबानं वाट दावली, म्हणून ही वर जाते."

शिंगरोबा धनगर या डोंगरात गुरं राखायचा. घाटातून रूळ कुठून न्यावेत हे साहेबाला उमगेना, तेव्हा त्याने गुरांच्या पायाखालची वाट दाखवली. साहेब खूश झाला, काय हवं ते माग म्हणाला. शिंगरोबाने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढताना त्याचं देऊळ लागतं. ट्रकवाले आजही तिथे हात जोडतात, नाणं टाकतात आणि पुढे जातात. आजोबांच्या सांगण्यात बक्षिसाचा शब्द आला की त्यांचा आवाज चढायचा. वाट दाखवण्याचा भाग ते भराभर सांगत. शब्द मोडल्याचा भाग मात्र सावकाश, एकेक वाक्य तोलून.

पुढे मी या घाटाविषयी कागदोपत्री जे मिळेल ते वाचत गेलो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनी या कामावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. १८५६ मध्ये गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला डोंगर तेवढा राहिला होता. उतारू खोपोलीला उतरत आणि पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. तो डोंगर ओलांडायला सात वर्षांवर काळ लागला. सुमारे सोळा मैलांची लांबी, १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि अवघड जागी दर ३७ फुटांना एक फूट चढ. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. बर्कले मात्र तो दिवस पाहायला उरले नाहीत. १८६२ मध्येच ते वारले होते.

आजीकडे घाटाची वेगळी गोष्ट होती. तिच्या सासूने तिला सांगितलेली. कड्यावर पाय ठेवायलाही जागा नसायची, म्हणून माणसांना कमरेला दोर बांधून वरून खाली सोडत. लोंबकळत ती पहारीने दगडाला भोकं पाडत, दारू ठासत, मग त्यांना ओढून घेत. दोर तुटला की खाली दरी. घाटात कामाला गेलेला माणूस पावसाळ्याआधी घरी आला तर आला, असं आजी म्हणायची. लहानपणी मला ही अतिशयोक्ती वाटायची. पण दोराने कड्यावर सोडलेल्या मजुरांचं वर्णन त्या काळच्या लिखाणातही आहे. पावसाळ्यात उघड्यावरचं काम थांबायचं, हेही आहे. १८६१ च्या सुमारास इथे ४२,००० माणसं एकाच वेळी राबत होती. डोंगरउतारावर दाटीने वसलेली त्यांची खोपटी, पिण्याचं अपुरं पाणी, आणि पटकीची साथ. कितीतरी माणसं तिथेच संपली.

आजोबांची गोष्ट मला नीट कळली ती १८५९ च्या नोंदींपाशी. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांच्या कामावर मजुरी थकत होती. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम सुटला आणि ते युरोपीय देखरेखवाल्यांवर चालून गेले. सरकारला चौकशी करावी लागली. फॅव्हिएल यांनी त्याच वर्षी कंत्राट सोडलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारले, आणि त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी कंत्राट आपल्या नावावर घेऊन दोन इंजिनियरांकडून काम पुरं करून घेतलं. १८६० मध्ये मालक आणि कामगारांमधले मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा कायदा झाला. त्यामागे रेल्वेच्या कामांवरच्या अशाच तक्रारी होत्या.

शिंगरोबाचा कागद नाही, पण त्याच्या गोष्टीचा गाभा कागदात आहे. काम करून घेतलं, देणं कबूल केलं, आणि मागायला गेल्यावर दगा दिला. हजारो घरांनी जे भोगलं, ते गावाने एका धनगराच्या नावावर जपून ठेवलं, असं मला वाटतं. म्हणूनच आजोबा तो भाग सावकाश सांगत असावेत.

याच खोऱ्यात कोंडाण्याच्या चैत्याशेजारी दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच त्यात कोरलं आहे. खडक फोडणाऱ्या जगातल्या एका माणसाचं नाव त्यामुळे आपल्याला वाचता येतं. समोरच्या कड्यात पंचवीस बोगदे फोडणाऱ्यांच्या वाट्याला तेवढीही ओळ आली नाही. बोगद्यांची मोजमापं दप्तरात आहेत. माणसं घराघरांतल्या गोष्टींत आहेत.

त्या गोष्टी सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. कर्जत-खालापूरच्या शाळांनी मुलांना वाडीवाडीवर पाठवून त्या लिहून घ्याव्यात, कोणत्या गावात ऐकली हे नोंदवावं, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारातल्या कागदांशी ताडून पाहाव्यात. घाट कोणी बांधला असं मुलांनी विचारलं, तर बर्कलेंचं नाव सांगावंच. त्यांची बुद्धी मोठीच होती. पण त्याच दमात जानेवारी १८५९ मध्ये आपली मजुरी मागायला उठलेल्या माणसांचीही गोष्ट सांगावी, कारण घाट त्यांनी बांधला आणि मजुराला दाद मागता यावी म्हणून सरकारला कायदा करायला लावणाऱ्यांतही तेच होते.