कौलाची कुळकथा

शेंदराने माखलेला तांदळा, त्याच्या दोन्ही अंगांना पाण्यात बुडवून चिकटवलेल्या कळ्या आणि समोर गाऱ्हाणं घालणारा भगत. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार, हा झाला कौल. सोयरीक, आजारपण, हरवलेलं जनावर, देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायची की नाही, असे किती निवाडे या दोन कळ्यांवर झाले! जुन्नर भागात कुकडी नदीच्या उगमाकडे, महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्यांवर, हा मान भगताचा. नदी खाली बोरी बुद्रुकच्या मैदानी शिवारात उतरली की हेच काम देवऋषी करतो.

या प्रथेचं मूळ देवांच्या ठाण्यांत आहे. वरसूबाई, वाघोबा, म्हसोबा हे रानातले, झाडाखालचे देव. त्यांच्यासाठी पोथी जाणणारा पुरोहित लागत नाही, त्यांचं बोलणं सांगणारा माणूस लागतो. इतिहासकार दामोदर कोसंबींनी जुन्नरच्या वाटा तुडवल्या आणि लेण्यांच्या परिसरातल्या मातृदेवतांचा माग आदिम वस्त्यांपर्यंत नेला. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांच्या बिरोबा-म्हस्कोबाचा अभ्यास करत गेले, तिथेही अंगात वारं येणारा देवऋषी होताच. सायबेरियातला शामान याच गणगोतातला. मात्र त्याचा आत्मा देवलोकी जातो, असं तिकडे मानतात. आपल्याकडे देवच माणसाच्या अंगात उतरतो.

पण लोकांनी भगतावर भरवसा का ठेवला? पहिलं कारण, तो त्याच वाडीतला. नारळ-सुपारीवर काम करणारा, स्वतःची शेती कसणारा. कौल वारंवार चुकला तर लोक दुसऱ्या वाडीची वाट धरत. दुसरं कारण, त्याचं झाडपाल्याचं ज्ञान. तिसरं कारण सर्पदंशात दिसतं. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापाच्या दंशातही कधी कधी विष अंगात शिरत नाही. त्यामुळे मंत्र घातलेली पुष्कळ माणसं वाचत. वाचला तो भगतामुळे, गेला तो नशिबाने, असा हिशेब मग पक्का होई.

असा विश्वास कसा घडतो, ते दूरच्या एका हकिगतीत दिसतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा केसालिद शामानांची लबाडी उघडी पाडायला त्यांचा शिष्य झाला. तोंडात दडवलेला पिसांचा पुंजका रक्ताने माखून, हाच तुझा आजार, म्हणून दाखवायची युक्ती तो शिकला. रोगी बरे होऊ लागले आणि तोच नामांकित शामान बनला. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी नोंदवलेली ही हकिगत क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने 1949 मध्ये उलगडली. शामानाचा, रोग्याचा आणि गावाचा असे तीन विश्वास एकमेकांना धरून असतात, हे त्यांचं म्हणणं भगतालाही लागू पडतं.

याच विश्वासाने घातही केला. भगताने एखाद्या बाईला भुताळी ठरवलं की तिला दुसरी वाडी नसे. सारं गावच तिच्यावर उठे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. करणी करते म्हणून कुणाला छळणं आणि साप चावलेल्याला उपचारांपासून अडवून गंडेदोरे करणं, दोन्ही आता गुन्हे आहेत. ते तसेच असले पाहिजेत.

आणि तरी कायद्याने भगताची जागा भरत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर प्रतिविषच लागतं, आणि ते वेळेत लागतं. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांबरोबर गावोगावच्या प्रबोधनाचं कामही उभं केलं, ते याचसाठी. रात्री-अपरात्री दार उघडणारा, ओळखीचा, चुकला तर जाब देणारा माणूस लोकांना हवा असतो. वाड्यांजवळच्या आरोग्य केंद्रात असा माणूस आणि प्रतिविषाची बाटली दोन्ही असायला हवीत. आणि जो भगत देवाला गाऱ्हाणं घालता घालता “आधी दवाखाना गाठा” म्हणतो, त्याचा मान गावाने राखावा. त्याच्या शब्दावर माणसं लवकर निघतात, आणि विषारी सापाच्या दंशात लवकर निघालेलीच बहुधा वाचतात.