खोदण्याआधीचा प्रश्न

घर बांधण्याआधी जमीन पाहावी, असं माझे अब्बा म्हणत. नॉर्वेच्या समुद्रातली ही हकिगत वाचताना मला तेच आठवलं.

१९९७ साली तिथल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. नाव ‘ऑर्मेन लांगे’, म्हणजे लांब सर्प. एका जुन्या राजाच्या जहाजाचं नाव. पण जागा अवघड. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी इथला समुद्रतळ कोसळला होता. त्या ‘स्टुरेग्गा’ दरडीने उठवलेल्या त्सुनामीच्या खुणा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आजही सापडतात. वायू नेमका त्या व्रणाखाली! आपण खोदलं तर दरड पुन्हा कोसळेल का?

शास्त्रज्ञांनी काही वर्षं अभ्यास केला. हिमनद्यांनी आणलेल्या गाळाचं ओझं मऊ चिकणमातीवर साचलं होतं, ते बहुधा भूकंपाच्या धक्क्याने सरकलं. तसं ओझं पुन्हा साचायला नवं हिमयुगच यावं लागेल, असा निष्कर्ष निघाला.

मगच काम सुरू झालं. खोली ८०० मीटरहून जास्त, तळाचं पाणी शून्य अंशाखाली, वाटेत दरडीचे टेकडीएवढे ढिगारे. दोन उंचवट्यांमध्ये पाइप अधांतरी राहिला, तर प्रवाहात थरथरून शेवटी तडकतो. म्हणून जहाजावरून चालवलेल्या यंत्राने उंचवटे खोदले. खळग्यांत लांब नळीतून दगड सोडून टेकू रचले. २००७च्या सप्टेंबरात वायू किनाऱ्याला लागला.

यंत्रं थोरच. पण मंडळी, मला मोल वाटतं ते खोदण्याआधी विचारलेल्या त्या प्रश्नाचं.